मुंगीचा दात

दात निघाला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. आजोबांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरलेल्या चिंधीत तो अलगद आला, वरचा, पुढचा, डावीकडचा, आणि त्यांच्या तोंडून सवयीने "झालं!" असं निघून गेलं. अडतीस वर्षं कवळ्या बनवण्यात घालवलेल्या माणसाला एका दुधाच्या दाताचं कसलं आलंय कौतुक! समोर खुर्चीत बसलेली सात वर्षांची नात रडेल, निदान ओरडेल, म्हणून त्यांनी पाण्याचा पेला आधीच भरून ठेवला होता. ती रडली नाही. जीभ त्या जागी नेऊन तिने चाचपून बघितलं, ओठ मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाली, "तुम्ही फक्त बघतो म्हणालात." एवढंच. मग ती उठली, बूट घातले, रोज पाय पुढे करून आजोबांकडून बांधून घ्यायची ती नाडी आज स्वतःच कशीबशी बांधली, दप्तर घेतलं आणि तीन जिने उतरून शाळेच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. आजोबा खिडकीत आले. रोज ती खालून हात हलवायची. आज तिने मान वर केली नाही. बस आली, तिला घेऊन गेली, तरी आजोबा चिंधी मुठीत धरून तिथेच उभे होते.

तिला मुंगी म्हणत. आईने पाडलेलं नाव; पाळण्यात असताना म्हणे ती एका जागी ठरायची नाही. इथे आल्यापासून मात्र ज्या खुर्चीवर बसवावं त्या खुर्चीवर ती बसून राहायची. तिचे आईबाप कामासाठी दोन दिवस परगावी गेले होते, येताना त्यांच्या गाडीला ट्रकने उडवलं. याला आता अडीच महिने झाले. मुंगी त्या दोन दिवसांपुरती आत्याकडे होती. आत्या म्हणजे आजोबांच्या जावयाची मोठी बहीण. मोठं घर, दोन मुलं, शांत नवरा, सगळं जागच्या जागी. तिने मुंगीला तिथेच ठेवून घेतलं असतं, पण शाळेची बस आजोबांच्या घराखालून जायची, वर्ष संपायला दोन-तीन महिने उरलेले. "परीक्षा होईपर्यंत राहू दे तुमच्याकडे, काका," ती म्हणाली होती. "मग बघू. तिलाच विचारू." बाई सरळ होती, तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती, म्हणूनच ते "तिलाच विचारू" आजोबांना जास्त लागलं होतं. परीक्षा परवा संपली, शाळा तेवढी आठवडाअखेरपर्यंत होती. येत्या रविवारी सकाळी दहाला आत्या विचारायला येणार होती आणि आज गुरुवार.

आजोबांना मुंगी हवी होती. एकाहत्तराव्या वर्षी असं काही हवंसं वाटणं त्यांना स्वतःलाच चमत्कारिक वाटे, कुणाला सांगायची तर सोयच नाही. पण हवी होती. गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली: मुलगी डबा खात नाही, बोलत नाही, हात तोंडावर धरून बसते. आजोबांनी त्याच दिवशी कारण ताडलं. दात हलतोय. उजव्या बाजूने चावते, सफरचंद बाजूला सारते, पाव दुधात भिजवून गिळते. आता रविवारी आत्या येणार, पोरीची बसलेली गालफडं बघणार आणि मनातल्या मनात म्हणणार, आजोबांना काही हे झेपत नाही. त्यापेक्षा दात काढून टाकला की पोरगी खायला लागेल, बोलायला लागेल, तीन दिवसांत चेहरा भरेल. इतका साधा हिशेब! विचारलं असतं तर तिने तोंड उघडलं नसतं, दोनदा नाही म्हणून झालं होतं. म्हणून सकाळी दुधाच्या वेळी ते म्हणाले, "काढत नाही गं बाई, फक्त बघतो किती हलतोय ते." तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं, खात्री करून घेतली आणि आ केला. ती खात्री करून घेणारी नजर आता त्यांना आठवत होती. त्यांनी चिंधी उलगडली, दात धुतला आणि सवयीप्रमाणे वाटीत पाणी घालून त्यात ठेवला, सुकून तडकू नये म्हणून. सवय मेली की माणूस मेला, असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि मेला हा शब्द घरात मोठ्याने उच्चारला गेला म्हणून दचकले, जणू ती ऐकत होती.

मागच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. दातांच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपल्यावर ते घरूनच दोन डॉक्टरांसाठी कवळ्या करून द्यायचे. गल्लीत सगळे त्यांना दातवाले म्हणत. फळीवर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. मुंगी पहिल्या दिवशी त्या खोलीच्या दारात थबकली होती. "हे सगळे कुठे गेले?" तिने विचारलं होतं. "कोण?" "ज्यांची तोंडं आहेत ते." आजोबा हसले होते, "आपापल्या घरी आहेत की! जेवतायत, भांडतायत." तिला ते पटल्यासारखं वाटलं होतं. आज त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंची खालची कवळी घासायला घेतली, चाकावर धरली आणि वेळेत हात काढला नाही, कड गेली. असं वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. त्यांनी यंत्र बंद केलं. शांततेत त्यांना आपली मुलगी आठवली, मुंगीची आई, तीही सात वर्षांचीच. तिचे दात कधी पडले, कुणी काढले, पडल्यावर ती रडली की नाचली, यातलं एक अक्षर त्यांना आठवेना. आठवेल कसं? ते सकाळी सातला घर सोडायचे, रात्री तिला झोपलेली बघायचे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडाचा उंचसखलपणा त्यांना पाठ होता आणि स्वतःच्या पोरीचा पहिला दात कोणत्या दिवशी पडला हे विचारायला आता बायकोही नव्हती. पुढे पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न झालं, आठवड्याला फोन करायची: जेवलात का, गोळ्या घेतल्या का. हे म्हणायचे, हो. दोन मिनिटांत संपायचा फोन. भांडण नव्हतं, काही नव्हतं. भांडण असतं तर निदान मिटवायला काही शिल्लक राहिलं असतं. त्यांना भडभडून आलं, पण हातात कवळी होती, पुसायला चिंधी होती, त्यांनी डोळे सोडून कवळीच पुसली.

चारला मुंगी आली. डबा उघडून बघितला: तसाच. आता दोन्ही बाजूंनी चावता येत होतं, तरी तसाच. आजोबांनी अंडं उकडलं, सोललं, मीठ लावून पुढे ठेवलं. तिने ओठ घट्ट मिटलेले, इतके की कडा पांढऱ्या पडलेल्या. आजोबांनी हरतऱ्हेने मनवून बघितलं. नवा दात कसा मोठा येईल ते सांगितलं, आपली स्वतःची कवळी काढून बोळकं करून दाखवलं, ज्यावर ती पूर्वी हटकून हसायची. ती बघत राहिली. शेवटी त्यांचाच आवाज चढला. "अगं, पण एवढं काय झालं? पडणारच होता की तो! आज नाही तर उद्या!" तेव्हा ती बोलली. तिने हात तोंडावर धरला आणि हाताच्या आडून, अगदी समजावून सांगावं तसं म्हणाली, "आईने जाताना हलवून बघितला होता. थोडासाच हलत होता. ती म्हणाली, काढू नकोस हं, मी आल्यावर आपण दोघी काढू." मग थांबून, "आता आई आल्यावर काय काढणार?"

आजोबा खुर्चीत बसले. म्हणजे बसले असावेत, कारण नंतर ते बसलेले होते. पोरगी अडीच महिने दात सांभाळत होती. उजवीकडून चावत होती, बोलत नव्हती, हात धरून बसत होती, कशासाठी, तर दात जागेवर आहे तोवर आई यायची आहे. आणि आपण दोन बोटांत धरून... एक गोष्ट ते अडीच महिने टाळत आले होते, ती आता समोर येऊन बसली: या पोरीला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आत्याने पहिल्याच दिवशी "आईबाबा लांब गेलेत, येतील हं" म्हटलं होतं, ते आजोबांनी ऐकलं होतं आणि मूग गिळून गप्प बसले होते. बरंच वाटलं होतं त्यांना. आपल्यावरचं संकट परस्पर टळलं. नंतर रोज वाटे, सांगू. आणि रोज वाटे, तिला कळलंच असेल, मुलांना कळतं. मुलांना कळतं! किती सोयीचं वाक्य. आत्ता सांगावं? तोंड उघडलं त्यांनी. पण ज्या माणसाने सकाळी फसवलं त्यानेच संध्याकाळी हेही सांगायचं, आणि रविवारी तिने ठरवायचं कुणाकडे राहायचं? ती एक क्षण थांबणार नाही इथे. दप्तर उचलून आत्याच्या गाडीत जाऊन बसेल. त्यांनी तोंड मिटलं. आणि तेव्हाच वाटीतल्या दाताकडे त्यांची नजर गेली आणि त्यांना ते सुचलं, जे जगात दुसऱ्या कुठल्याही आजोबाला सुचलं नसतं. "मुंगे," ते म्हणाले, "मी तो परत बसवून देऊ?"

तिने वाटीतल्या दाताकडे बघितलं. "बसतो?" तिने विचारलं. "माझ्याकडून बसतो," आजोबा म्हणाले. हे खरं होतं. वरच्या टाळूला चिकटून बसेल अशी पातळ पट्टी, मागच्या दोन दाढांना तारेच्या आकड्या, आणि पुढे तिचाच दात, त्याच्याच जागी. लोकांना अशा पट्ट्या ते डोळे झाकून करून देत. ज्यांची कामं ते करत त्या डॉक्टरीणबाईंना कळलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता: दातवाले, खालून नवा दात येतोय, त्याला वाट द्यायची सोडून वर कवळी? सात वर्षांच्या पोरीला? डोकंबिकं फिरलंय का? आजोबांना हे सगळं ठाऊक होतं. रविवारपर्यंत, ते स्वतःला सांगत होते, फक्त रविवारपर्यंत. अडचण वेगळीच होती. पट्टीसाठी जबड्याचं माप घ्यायला हवं, आणि मापासाठी तिने पुन्हा त्यांच्यापुढे तोंड उघडायला हवं.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर त्यांनी तिला मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं. गुलाबी पावडर, पाणी, मापाचा छोटा पत्र्याचा साचा, सगळं तिच्यासमोर मांडलं. "नीट ऐक," ते म्हणाले. "हे मी पाण्यात कालवणार. या साच्यात भरणार. तुझ्या तोंडात घालून वर दाबून धरणार. दोन मिनिटं. गार लागेल, घशाशी आल्यासारखं होईल, उलटी होईल असं वाटेल. होणार नाही. नाकाने श्वास घ्यायचा. मग मी ते काढणार. दुसरं काहीही करणार नाही." "दात काढणार नाही?" "नाही." "एकही?" "एकही नाही." ती विचार करत होती. पावडर कालवली की वेळ थोडा असतो, ती वाडग्यात घट्ट होत चालली होती, आजोबांनी ती फेकून दिली आणि पुन्हा नवी कालवली. दोनदा फेकली. तिसऱ्या वेळी तिने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि आ केला. डोळे मात्र सताड उघडे, त्यांच्या चेहऱ्यावर रोखलेले. त्यांनी साचा आत घातला, दाबला. तिला उमासा आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नखं त्यांच्या मनगटात रुतली. "नाकाने. नाकाने घे," ते म्हणत होते, आणि मोजत होते, मोठ्याने, एकेक सेकंद, एकशेवीसपर्यंत, एकही न गाळता. ती दोन मिनिटं त्यांना उभ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वाटली. एकशेवीस म्हणताच साचा काढला आणि हात मागे घेऊन दाखवले: रिकामे. तिने जिभेने सगळे दात तपासले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग मनगट सोडलं.

शनिवारी सकाळभर ते कामात होते आणि मुंगी दारात उभी राहून बघत होती. प्लास्टरमधून तिचा जबडा निघाला, एवढासा, की त्यांना तो तळहातावर धरवेना. त्यांनी तार वाकवली, दात मेणाने जागेवर टेकवला, पट्टी ओतली, घासली, चकाकवली. याहून चांगलं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं, अगदी मंत्र्यासंत्र्यांच्या कवळ्या केल्या होत्या तरी. दुपारी त्यांनी ती मुंगीच्या तोंडात बसवली. टक् करून आकड्या लागल्या. ती आरशासमोर गेली, हसली, तोंड मिटलं, पुन्हा हसली. संध्याकाळी तिने अंडं खाल्लं, पाव खाल्ला, अर्धं सफरचंद खाल्लं. "आता आई आली की काढू," ती चावता चावता म्हणाली, सहज, मोकळी होऊन. आजोबांनी हातातला घास ताटात ठेवला. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं, गेलेलं गेलंच नाही असं दाखवून दिलं होतं, आणि लोक आभार मानून गेले होते. पण त्या लोकांना माहीत तर होतं की दात गेलेत! इथे पोरीला वाटतंय खरोखर परत आला. काल एकशेवीसपर्यंत मोजून जे कमावलं ते आज घासूनपुसून चकचकीत करून पुन्हा घालवलं. त्यांना ते कळत होतं. आणि तिचं ते खाणंही त्यांना बघवत नव्हतं आणि डोळे तिच्यावरून हलतही नव्हते. रविवार जाऊ दे, ते म्हणाले, एकदा रविवार जाऊ दे.

रविवारी दहाच्या ठोक्याला आत्या आली. बिस्किटांचा डबा, नवा फ्रॉक, आल्या आल्या मुंगीला पोटाशी धरलं, तिचे डोळे भरले, पुसले. घर बघितलं. स्वच्छ होतं. पोरगी बघितली. "तब्येत बरी आहे हो, काका," ती म्हणाली आणि तिला खरोखरच बरं वाटलेलं दिसलं. आजोबा चहा ओतत होते. "मग राणी," आत्याने तिला जवळ ओढलं, "परीक्षा झाली. आता कसं करायचं? दादाने तुझा पलंग खिडकीशी लावून ठेवलाय. की इथेच राहायचंय आजोबांजवळ? तू सांगशील तसं हं. कुणाला राग येणार नाही." मुंगीच्या तोंडात बिस्किट होतं. कडक होतं. तिने चावलं आणि पट्टीची एक आकडी निसटली, दात पुढे लोंबला. "अगंबाई!" आत्या ओरडली. "हे काय हे? काका, हे काय आहे पोरीच्या तोंडात?" मुंगीने झटकन तोंडावर हात धरला. आजोबांनी किटली खाली ठेवली. "पट्टी आहे," ते म्हणाले. "मी केली. दात मी काढला, तिला न विचारता. मग बसवून दिला." "कवळी?" आत्याला हसावं की रडावं कळेना. "अहो, सात वर्षांच्या पोरीला कवळी? दात पडतो मुलांचा! पडला तर पडू द्यायचा!" "तिला नको होता पडायला." "का पण?" मुंगीने हाताआडून उत्तर दिलं. "आई आल्यावर आम्ही दोघी काढणार होतो."

आत्याचा चेहरा उतरला. आजोबांना वाटलं, आता ही सांगेल, ही धीराची आहे, हिला जमेल. आत्याने मुंगीच्या केसांवरून हात फिरवला. "हो गं राणी," ती म्हणाली, आवाज सांभाळत. "येईल ना आई. आली की मग तुम्ही दोघी..."

"नाही," आजोबा म्हणाले.

"काका!"

"नाही यायची, मुंगे. आई गेली. मेली. गाडीला ट्रक लागला, त्याच दिवशी. दात असला काय, नसला काय, ती येणार नाही. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला भीती वाटली."

"असं सांगतात का पोरीला?" आत्या उठून उभी राहिली होती. "काय झालंय तुम्हाला? लहान आहे ती!" आजोबांना तिचं ऐकू येत होतं, पण ते मुंगीकडे बघत होते. सगळं हातचं गेलं, हे त्यांना कळून चुकलं होतं. आता ती आत्याच्या कुशीत शिरेल, आत्या तिला उचलेल, जिना उतरेल. त्यांना आश्चर्य याचं वाटलं की एवढं होऊनही छातीवरचं ओझं हललं होतं. मुंगीने हात खाली घेतला. "बाबा?" तिने विचारलं. "बाबाही," आजोबा म्हणाले. तेव्हा ती रडली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा, भोकाड पसरून, पट्टी खाली पडली तिकडे तिने बघितलंही नाही. आत्याने हात पुढे केले. मुंगीने ते ढकलले. "तू म्हणालीस येतील!" ती ओरडली. "तू म्हणालीस!" आत्या मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तीही रडायला लागली, कारण तिचाही भाऊ गेला होता आणि हे या घरात कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

आजोबा जागचे हलले नाहीत. जवळ जायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे त्यांना ठरवता येईना. पुष्कळ वेळाने रडणं ओसरलं, हुंदके उरले. मुंगीने बाहीने नाक पुसलं आणि डोळे सताड उघडून त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हीपण मरणार?"

"हो," आजोबा म्हणाले.

"कधी?"

"ते माहीत नाही. बहुतेक लगेच नाही. पण नक्की सांगता येत नाही, मुंगे. तू मोठी होईपर्यंत राहायचा विचार आहे माझा."

"मरायच्या आधी मला सांगाल?"

हो म्हणणं किती सोपं होतं! आत्यानेही डोळे पुसून मान वर केली होती, म्हणा हो, असंच तिचा चेहरा सांगत होता. "सांगता आलं तर सांगेन," ते म्हणाले. "कधी कधी सांगायला वेळ मिळत नाही. तुझ्या आईला मिळाला नाही. मिळाला असता तर तिने तुला सांगितलं असतं."

खिडकीखालून एक बस गेली, काचा हलल्या, थांबल्या. मग मुंगी आत्याकडे वळली. आवाज रडून बसला होता, आणि पुढचा दात नसल्यामुळे वारा जात होता, पण प्रत्येक शब्द स्पष्ट होता.

"आत्या, माझी सायकल तुझ्याकडे आहे ना? ती इथे आणून दे."